पाण्यापासून चार हात लांब

पाणी दिसलं की सायकल आपोआप काठाकडे वळते. त्यामुळे पवई तलावाभोवती सायकल आणि पायी चालण्याचा मार्ग होणार ही बातमी आली, तेव्हा आमच्या रविवारच्या टोळीत पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. सुमारे दहा किलोमीटरचा फेरा, मागून हॉर्न नाही, शेजारून बेस्टची बस घासून जात नाही. मुंबईत सायकल चालवणाऱ्याला आणखी काय हवं?

मार्ग हवाच होता. वाद होता तो आखणीचा. नकाशावरची रेघ तलावाच्या काठाला चिकटून, काही ठिकाणी तर तलावातच उतरली होती. तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड ठासायचे, पेट्या एकावर एक रचायच्या आणि वरून रस्ता न्यायचा, असं हे गॅबियनचं काम. दगडांच्या फटींतून पाणी झिरपतं, तेव्हा हा भराव म्हणता येणार नाही, असं पालिकेचं म्हणणं. आयआयटीतले संशोधक विद्यार्थी जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेले आणि ६ मे २०२२ रोजी न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवलं. पुढे काम करायचं नाही, केलेलं काढायचं, जागा होती तशी करून द्यायची.

२०१७चे पाणथळ जागांचे नियम याबाबत सरळ आहेत. नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम नको. सवलत फक्त बोटीच्या धक्क्याला. आता ५० मीटरच का, असं कुणी विचारलं तर त्याने मे महिन्यात कुठल्याही तलावावर जाऊन पाणी ओसरलेल्या चिखलात पाच मिनिटं बघावं. तुतवार शेपटी हलवत त्याच पट्ट्यात टोचत असतो, शेकाट्या लांब लाल पायांवर तिथेच फिरतो, पाणकोंबडी रामबाणाच्या बेटातून बाहेर येते ती तिथेच. खोल पाण्यात यांना काही काम नसतं. पवईत तर मगरी आहेत. ऊन खायला त्या काठावर येतात आणि अंडी घालायलाही काठाच्या मातीतच खड्डा करतात. १८९१ साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव पाणी पुरवण्यात फारसा कामाला आला नाही, पण सव्वाशे वर्षांत त्याने हा काठ कमावला. आणि आपण रस्त्यासाठी नेमका तोच निवडला.

काठ सोडून मार्ग आखता येतो का? येतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती ‘बे ट्रेल’ नावाचा मार्ग तीन दशकांहून अधिक काळ तुकड्यातुकड्याने होतो आहे. १९८९ साली आराखडा झाला: नऊ काउंटी, ४७ शहरं, एकूण ५०० मैल. त्यातले साडेतीनशेहून अधिक झालेत. माझा भाचा फ्रीमाँटला असतो. त्या बाजूच्या मराठी मंडळींचं शनिवारचं चालणं बरंचसं याच वाटेवर. भोवताली जुनी मिठागरं. २००३ साली तिथल्या मीठ कंपनीकडून १५,१०० एकर जमीन सरकारने घेतली आणि बांध फोडून तिथे पुन्हा खाजण तयार करण्याचं काम सुरू केलं. मुलुंड-भांडुपची मिठागरं पाहिलेल्या माणसाला हे फार परकं वाटत नाही.

त्या आराखड्यातली मला पटलेली गोष्ट अशी, की मुख्य वाट एक आणि तिला पाण्यापर्यंत जाणारे फाटे वेगळे. जिथे दलदल नाजूक आहे तिथे मुख्य वाट मुकाट्याने मागे सरकते, आणि पाणी बघायचंच असेल त्याने फाट्यावरून जाऊन, बघून परत यायचं. काही बांधांवर कुत्र्याला बंदी. काही तुकडे ठरावीक मोसमात चक्क बंद. भाच्याला याचा वैताग येतो. नेमक्या त्याच्या आवडत्या बांधावर साखळी लागते आणि मग मैलभर वळसा.

पक्ष्यांना सगळी माणसं सारखीच त्रास देतात असंही नाही. आपल्या नादात, एका वेगाने निघून जाणाऱ्याची त्यांना सवय होते. थांबून, मोबाइल काढून, ‘अजून थोडं जवळ’ म्हणत पुढे सरकणारा जास्त बोचतो. हजारो किलोमीटर उडायची तयारी करणाऱ्या पाखराला खाणं सोडून दर वेळी उठावं लागलं, तर त्या उड्डाणाचं पेट्रोल इथेच जळतं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे असा मार्ग ठाणे खाडीकाठी कधी ना कधी निघणारच. २०१५पासून तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही नाव लागलं. पर्यटनाची फाइल कुणीतरी उघडेलच. माझ्यापुरता मी नकाशा आखून ठेवलाय. मुख्य वाट पूर्व द्रुतगती मार्गाच्या सर्व्हिस रोडलगत, तीही झाडं लावून. धूर येईल, मान्य. खाडीकडे मोजून तीन फाटे. त्यातला एक भांडुप पंपिंग स्टेशनचा, जिथे पक्षीवाले आजही पहाटे दुर्बीण घेऊन जातातच. फाट्याच्या टोकाला लाकडी आडोसा, रात्री दिवे अजिबात नकोत.

टोळीतल्या एकाने हे ऐकून विचारलं, “मग त्यात मजा काय?” त्याचं चूक नाही. सर्व्हिस रोडच्या कडेची वाट कुणी इन्स्टाग्रामवर टाकत नाही. पण फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे खाडीत असतात, आणि भरती-ओहोटी बघून तीनांतला कुठला फाटा कधी बंद ठेवायचा हे रोज ठरवावं लागेल. त्यासाठी खाडी ओळखणारा, किल्ली हातात असलेला एक माणूस लागेल, बारमाही पगारावर. पेव्हर ब्लॉक, रेलिंग, सेल्फी पॉइंट यांचे दर प्रत्येक निविदेत पैशापर्यंत लिहिलेले असतात. या माणसाचा रकाना मात्र आधी छापून घ्यावा लागेल.