मुलगी वेगात टाकतेय? टाकू द्या

वेगवान गोलंदाज क्रांती गौडचं नाव आपल्यापैकी बहुतेकांनी २०२५ च्या जुलैत ऐकलं. इंग्लंडमध्ये चेस्टर-ली-स्ट्रीटला तिने ५२ धावांत ६ बळी घेतले आणि भारताने मालिका जिंकली. नोव्हेंबरात नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर विश्वचषक उचलणाऱ्या संघातही ती होती. मग ‘एका वर्षात कुठल्या कुठे पोचली’ असं सगळीकडे छापून आलं.

मला त्याआधीच्या एका सामन्याबद्दल बोलायचं आहे. ३० डिसेंबर २०२४, राजकोट. महिलांच्या वरिष्ठ एकदिवसीय स्पर्धेची अंतिम फेरी, मध्य प्रदेश विरुद्ध बंगाल. क्रांतीने २५ धावांत ४ जणींना बाद केलं आणि मध्य प्रदेशाने ही स्पर्धा पहिल्यांदाच जिंकली. तिथवर पोचायला तिला वर्षं लागली होती. छतरपूर जिल्ह्यातलं घुवारा हे तिचं गाव. तिथे ती मुलांबरोबर टेनिस बॉलने खेळायची. पुढे छतरपूरचे प्रशिक्षक राजीव बिल्थरे यांनी तिला आपल्या अकादमीत घेतलं आणि फी माफ केली. जिल्हा, मग राज्य, मग महिला प्रीमियर लीगच्या (डब्ल्यूपीएल) लिलावात यूपी वॉरियर्झ संघाकडून १० लाख. पायऱ्या सगळ्या होत्या, आपलं लक्ष नव्हतं एवढंच.

तुमच्या घरात, गल्लीत किंवा शाळेत एखादी मुलगी वेगात चेंडू टाकत असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

पहिली गोष्ट, तिला फिरकीकडे वळवू नका. ‘मुलींना कुठे एवढा वेग झेपतो’ हे वाक्य आपल्या मैदानांवर अजून सर्रास ऐकू येतं, आणि ते म्हणणाऱ्यांनी बऱ्याचदा स्वतः कधी धड वेगात टाकलेलं नसतं. वेग आधी असू द्या. टप्पा शिकवता येतो, स्विंग शिकवता येतो. दमवून, घाबरवून मारलेला वेग परत आणणं फार अवघड.

दुसरी गोष्ट चेंडूची. पुरुषांचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, महिलांचा १४० ते १५१ ग्रॅमचा, आणि आकारानेही थोडा लहान. मुलांच्या नेटमध्ये सराव करणाऱ्या मुली वर्षभर जड चेंडूने टाकतात आणि सामन्याच्या दिवशी हलका चेंडू हातात आला की दिशा चुकते. दुकानात महिलांचा चेंडू मुद्दाम मागून घ्या. क्लबला तेवढाही खर्च नको असेल तर चार पालकांनी मिळून आणा.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिच्यात चूक पालकांपेक्षा प्रशिक्षकांकडून जास्त होते. चांगली टाकते म्हणून तिच्याकडूनच टाकून घेतात. सकाळी शाळेच्या संघासाठी, संध्याकाळी क्लबसाठी, रविवारी कुठल्या तरी चषकासाठी. वाढत्या वयात पाठीच्या खालच्या मणक्यांवर याचा ताण येतो आणि हाडाला बारीक तडा जातो. इंग्लंडच्या बोर्डाने वर्षानुवर्षं सांगितलेली मर्यादा अशी: १३ वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये ५ षटकं आणि दिवसात १०, १४-१५ व्या वर्षी ६ आणि १२. आपल्याकडे एवढा हिशेब कोण ठेवतो? तुम्ही ठेवा. साधी वही पुरते, फक्त नेटमधले चेंडूही त्यात धरा. कमरेत दुखतंय असं ती म्हणाली तर बाम चोळून मैदानावर पाठवू नका, डॉक्टरांना दाखवा.

तरीही दुखापत होतेच. चंडीगडच्या काशवी गौतमने २०२० मध्ये १९ वर्षांखालील सामन्यात अरुणाचल प्रदेशाचे दहाच्या दहा बळी घेतले, अवघ्या १२ धावांत. २०२३ च्या डब्ल्यूपीएल लिलावात गुजरात जायंट्सने तिच्यासाठी २ कोटी मोजले, आणि पुढचा अख्खा हंगाम दुखापतीने गेला. ती परत आली, २०२५ मध्ये भारताकडून खेळली, आणि श्रीलंकेत पुन्हा जखमी झाली. तिच्या जागी जी आली ती क्रांती. म्हणून एक हंगाम हुकला की ‘संपलं हिचं’ असं घरात कोणी बोलू नये.

पैशाबद्दलही सरळ बोलू. डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय क्रिकेट बोर्डाने वरिष्ठ महिलांचं देशांतर्गत एकदिवसीय सामन्याचं मानधन दिवसाला २० हजारांवरून ५० हजार केलं. वाढ चांगलीच आहे. पण संघ साखळीत बाहेर पडला तर वर्षभरात वाट्याला येणारे सामने मोजकेच, आणि लिलावात बोली फार थोड्यांवर लागते. तेव्हा दहावी-बारावी सोडवू नका.

आता कामाची माहिती. विदर्भातल्या मुलींनी नागपूरच्या विदर्भ क्रिकेट संघटनेकडे, मुंबई-ठाणे-पालघरच्या मुलींनी मुंबई संघटनेकडे, उरलेल्या महाराष्ट्रातल्यांनी आपल्या जिल्हा संघटनेमार्फत पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडे आणि गोव्यातल्यांनी पर्वरीच्या गोवा संघटनेकडे चौकशी करावी. १५ वर्षांखालील गटापासून राज्याचे संघ निवडले जातात. जन्मदाखला खरा द्या. मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात, आणि तिथे पकडली गेली तर शिक्षा मुलीला होते, दाखला फिरवणाऱ्या काकांना नाही.

आणि ज्यांच्या घरी गोलंदाज नाही त्यांनी निदान महिलांचे राज्यस्तरीय सामने बघायला जावं. बहुधा तिकीटही नसतं. पुढच्या हंगामात तुमच्या शहरात सामना असला, तर एक सकाळ काढा आणि मुलींनाही बरोबर न्या.