मूल्य : स्वाध्याय

आहार, औषध, शास्त्र व अभय या चार दानांत शास्त्रदानाची गणना होते. म्हणूनच आप्तांच्या स्मृतिप्रीत्यर्थ छापविलेल्या कित्येक ग्रंथांवर किमतीच्या जागी रुपये नसतात. ‘मूल्य : स्वाध्याय’ किंवा ‘सदुपयोग’ एवढेच असते. रोखीचा हिशेब चोख ठेवणाऱ्या व्यापारी घरांत नेमकी हीच बाकी वर्षानुवर्षे थकलेली आढळते. प्रभावनेत मिळालेला ग्रंथ मस्तकी लावून कपाटात जातो, आणि मुलांसाठी मात्र पुस्तके महाग झाल्याची तक्रार होते.

मंदिरातील ग्रंथांचीही गत निराळी नाही : कपाट मंदिरात, किल्ली विश्वस्तांच्या दुकानात. ग्रंथ घरी दिल्यास आशातना होईल, हे भय खोटे नव्हे. परंतु कसर लागू देणे हीही आशातनाच.

ज्यांच्या गावी भांडार नाही, त्यांना ‘जैन ई-लायब्ररी’वर हजारो ग्रंथ विनामूल्य मिळतात, मराठी विश्वकोशही महाजालावर खुला आहे. अक्षर मोठे करून वाचता येत असल्याने वृद्धांची तर विशेष सोय होते.

श्रुतपंचमीस वा ज्ञानपंचमीस ग्रंथ बाहेर काढून पुसले व पूजिले जातात. त्याच चौरंगाशेजारी, ग्रंथ घरी नेणाऱ्यांची नावे लिहिण्यास एक वही ठेवावी.