वसंतातील सायकलप्रवास

फाल्गुनाचा उत्तरार्ध सुरू झाला, की भोरहून वरंधा घाटाने महाडास उतरून सागरकिनाऱ्याने दरमजल दक्षिणेस जाणाऱ्या सायकलस्वारास सह्याद्रीचे जे निष्पर्ण परंतु पुष्पसंपन्न रूप दिसते, ते मोटारीतील प्रवाशाच्या वाट्यास क्वचितच येते. पळसाच्या काळपट, मखमली पुष्पकोशांतून बाहेर आलेल्या केशरी चोची, पांगाऱ्याचे रक्तवर्ण तुरे आणि काटेसावरीची ती मांसल, मधाने जड झालेली फुले, ज्यांवर मैना, बुलबुल आणि खारी सकाळपासून तुटून पडतात व ज्यांतील एखादे डांबरी रस्त्यावर धपकन पडल्याचा आवाज चढणीवर धापा टाकणाऱ्या स्वारासही स्पष्ट ऐकू येतो, हे सारे त्या मंद गतीचेच दान होय. पुढे बागमांडला–वेशवी आणि दाभोळ–धोपावे येथे फेरीबोटीत सायकल चढवून खाड्या ओलांडाव्यात, तो काजूच्या मोहराचा गोडसर दर्प सामोरा येतो. उन्हाचा अंमल दहाच्या सुमारास कडक होतो. सबब पहाटेसच निघावे.

प्रस्तुत अंक अशाच प्रवासांस वाहिलेला आहे. रुंदीकरणाच्या कामी या मार्गांलगतचा एकही जुना वृक्ष तोडण्यापूर्वी सरकारने त्याची रीतसर नोंद करावी आणि शक्य तेथे रस्त्यासच वळण द्यावे, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.