लहान मोटारींच्या रबरी टायरांची निगा

रेडिओच्या साहाय्यानें दुरून चालविल्या जाणाऱ्या लहान मोटारींचा छंद आतां आमच्या विद्यार्थ्यांतही शिरला आहे, आणि सुटीच्या दिवशीं एकाद्या मोकळ्या डांबरी पटांगणावर त्यांच्या शर्यती लावणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. कांहीं पालक या खेळास निव्वळ पैशाची उधळपट्टी समजतात. त्यांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु ही उधळपट्टी कोठें होते हें पाहूं लागलें म्हणजे बोट प्रथम त्या चार रबरी टायरांकडे जातें. मोटार एकदां घेतली म्हणजे ती वर्षानुवर्षें पुरते; टायर मात्र थोड्याच शर्यतींत उतरतात, आणि नव्या संचाचा हट्ट घरोघर सुरू होतो. आमचें मत असें आहे कीं, टायरांची निगा हाच या खेळाचा गाभा असून ती मुलानें स्वतः करावी. आणि ज्या उपायांनीं ही निगा बाजूस सारून पैशानें किंवा बाटलींतल्या औषधानें पकड विकत घेतां येते, ते उपाय मुलांच्या शर्यतींतून काढून टाकावे.

ज्यांनीं ही मोटार हातीं धरलेली नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. जपानांतील तामिया कंपनीनें 1976 सालीं आपली पहिली रेडिओची मोटार, पोर्शे 934, बाजारांत आणली. ती खऱ्या मोटारीच्या एक बारांश आकाराची होती. आज सपाट रस्त्यावरील शर्यतींत एक दशांश आकाराची मोटार विशेष लोकप्रिय आहे. तिचें वजन सुमारें 1300 ग्रॅम, टायराचा व्यास सुमारें 63 मिलिमीटर आणि रुंदी सुमारें 26 मिलिमीटर असते. शर्यत बहुधा पांच मिनिटांची. या टायरांत हवा भरलेली नसते. आंत स्पंजाचें कडें असतें, आणि रबर प्लॅस्टिकच्या चाकास गोंदानें चिकटविलेलें असतें. आपल्या बैलगाडीच्या चाकास लोखंडी धाव तापवून चढवितात, व ती निवतांना आपोआप आंवळून बसते. येथें तसें आंवळणारें कांहीं नाहीं. सारी भिस्त गोंदावर. गोंद सुटला कीं भर वळणावर रबर चाकावरून निघून येतें. म्हणून प्रत्येक शर्यतीपूर्वीं टायराची कड अंगठ्यानें सर्व बाजूंनीं हलकेच ओढून पाहावी. काम अर्ध्या मिनिटाचें आहे, पण तें न केल्यामुळें वायां गेलेल्या शर्यती थोड्या नसतील.

टायर उतरतो तो केवळ झिजून नव्हे, आणि हीच गोष्ट मुलांच्या ध्यानीं येत नाहीं. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होतें व थंडींत ठिसूळ. अमेरिकेंतील चार्लस गुडइयर यास 1839 सालीं असें आढळून आलें कीं, रबर गंधकाबरोबर तापविलें असतां हा दोष जातो. 1844 सालीं त्यानें त्याचें पेटंट घेतलें. गंधक रबराच्या लांब लांब रेणूंना जागजागीं एकमेकांशीं बांधून टाकतो. ही बांधणी बेताची असली तर रबर लवचिक राहतें, फार झाली तर तें कठीण होतें. शर्यतीचा टायर तेलकट द्रव्यें मिसळून मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. तो शर्यतींत तापतो, नंतर निवतो, पुन्हा तापतो. दर वेळीं त्यांतील मऊपणा देणारा अंश थोडाथोडा कमी होतो आणि पृष्ठभाग कडक होत जातो. डोळ्यांना टायर नवाच दिसतो, परंतु पकड गेलेली असते.

आतां याच टायरांना आमचीं मुलें घरीं कसें वागवितात तें पाहा. शर्यतीहून आल्यावर टायर धुतात आणि भिजलेले बूट वाळत घालावे तसे खिडकींत उन्हांत ठेवतात. एरवीं ते पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर किंवा वडिलांच्या गाडीच्या डिकींत पडलेले असतात. मे महिन्यांत तेथें काय उष्मा होतो हें सांगावयास नको. ऊन आणि हवेंतील ओझोन हे रबराचे दोन पक्के वैरी आहेत. ओझोनानें ताणलेल्या रबरास बारीक चिरा पडतात, आणि विजेच्या ज्या यंत्रांत ठिणग्या उडतात त्यांच्याजवळ तो उत्पन्न होतो. उपाय अगदीं साधा आहे. शर्यत संपतांच टायर ओलसर फडक्यानें पुसावा, सावलींत कोरडा करावा, तोंड बंद होणाऱ्या पिशवींत घालावा, आणि घरांतील सर्वांत थंड व अंधाऱ्या कपाटांत ठेवावा. त्यावर भार ठेवूं नये, नाहींतर आंतील स्पंज एका बाजूस दबून राहतो. ज्या पटांगणावर एकाच दिशेचीं वळणें अधिक असतात तेथें एका बाजूचे टायर लवकर झिजतात. ते अधूनमधून डावे उजवीकडे बदलावे. कोणता टायर किती शर्यती धांवला याची एका वहींत नोंद ठेवावी. कित्येक कारखान्यांच्या टायरांवर 28, 32, 36 असे अंक असतात; अंक लहान तितकें रबर मऊ. थंड हवेसाठीं केलेला मऊ टायर भर उन्हांतील डांबरावर धांवविणें म्हणजे तो जाणूनबुजून खरवडून टाकणें होय.

परंतु या सर्व खटाटोपाचा कंटाळा आलेल्यांसाठीं बाजारांत बाटल्या मिळतात. शर्यतीपूर्वीं कांहीं मिनिटें हें औषध टायरास चोळून मग पुसून टाकलें म्हणजे रबर मऊ होऊन पकड वाढते. यांत असत्य कांहीं नाहीं. मोटार खरोखरच वेगानें वळते. मात्र औषध अतोनात झालें तर रबर फुगतें, गोंद सुटतो आणि टायर लवकर फाटतो. म्हणजे बाटलीचे पैसे वेगळे व नव्या संचाचे वेगळे. याहून गंभीर गोष्ट मुलांच्या प्रकृतीची आहे. यांतील पुष्कळ औषधें खनिज तेलापासून काढलेल्या द्रावकांचीं असतात. कांहींना विंटरग्रीन तेलाचा, अंगदुखीच्या मलमासारखा, वास येतो. तें तेल पोटांत गेल्यास विषारी आहे. बंद खोलींत दहावीस मुलें हीं औषधें उघड्या हातांनीं चोळतात आणि त्याच हातांनीं वडापाव खातात, हें दृश्य कोणा पालकास रुचेल? परदेशांतील पुष्कळ क्लबांनीं वासाचीं औषधें बंद केलीं आहेत, कांहींनीं एकच बिनवासाचें औषध ठरवून दिलें आहे. आमच्या मतें मुलांच्या शर्यतींत तेंही नको. चिकटविण्याचा सायनोॲक्रिलेट गोंद टाळतां येत नाहीं, परंतु त्याची वाफ डोळ्यांना झोंबते व बोटें क्षणांत चिकटतात; तें काम वडील माणसासमोर, उघड्या खिडकीशीं व्हावें.

यावर असा आक्षेप घेतील कीं, धुळीच्या पटांगणावर औषधावांचून मोटार नुसती घसरते. घसरेल, सर्वांचीच घसरेल. पटांगण खराट्यानें झाडून घ्यावें, पकड पुष्कळ सुधारते, आणि तें झाडणें सर्वांच्याच कामीं येतें. बाटली मात्र एकट्याच्याच कामीं येते.

दुसरा प्रश्न न्यायाचा. ज्याच्या घरीं पैसा आहे तो प्रत्येक शर्यतीस कोरा संच लावतो, आणि ज्याच्याकडे नाहीं तो कौशल्य असूनही मागें पडतो. मोठ्या स्पर्धांत याचा विचार फार पूर्वींच झाला. तेथें सर्वांस एकाच बनावटीचे टायर वांटतात, संचांची संख्या ठरवितात व टायरांवर खूण करतात. मोठ्यांना जें बंधन कमीपणाचें वाटत नाहीं तें आमच्या मुलांना कां वाटावें? आमच्या गांवीं शर्यती लावणाऱ्या मंडळींनीं एका मोसमास प्रत्येकीं दोनच संच ठेवावे, पहिल्या दिवशींच त्यांवर रंगाचा ठिपका द्यावा, आणि बाटल्या दारांतच ठेवून घ्याव्या. शर्यत संपल्यावर टायर पुसून पिशवींत भरण्याचें काम ज्याचें त्यानें करावें. वडिलांनीं तोंवर सावलींत बसून चहा घ्यावा.