बालवाडीच्या बाईंना कोण शिकवणार?

“लहान पोरे सांभाळायला कसले आले आहे प्रशिक्षण? बाईमाणसाला ते उपजतच येते!” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की कुठे आणि कुणाच्या तोंडून ऐकले याचा हिशेब उरलेला नाही. टिळकवाडीतल्या सुशिक्षित गृहस्थांकडून ऐकले, निपाणीच्या वखारवाल्यांकडून ऐकले, आणि खानापूर तालुक्यातल्या एका सभेत तर शिक्षणमहर्षी म्हणवून घेणाऱ्या अध्यक्षांनी ते माईकवरून सांगितले. टाळ्याही पडल्या. म्हशीला सुई टोचायची तर आपण पदवीधर डॉक्टर शोधतो. बस चालवणाऱ्याकडे बिल्ला आहे की नाही ते सरकार पाहते. गल्लीतला न्हावीसुद्धा कुणाच्या तरी हाताखाली दोन वर्षे काढतो आणि मग वस्तरा धरतो. तीन वर्षांचे पोर तेवढे असे, की ते कुणाच्याही हाती द्यावे. आणि त्या कामाची लायकी एवढीच, की बाईला दुसरे काही काम मिळालेले नाही!

मी उमेदीची वर्षे बालवाडीत काढली आहेत, म्हणून सांगते. उपजत येते ती माया. मायेबद्दल माझी तक्रार नाही. पण मायेने एका मुलाला कडेवर घेता येते; त्याच खोलीतल्या उरलेल्या चोवीसांचे काय करायचे ते माया सांगत नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडे पुरती भरलेली नसतात, त्याच्या हातात पेन्सिल कोंबून ‘अ’ गिरवून घेण्यापेक्षा त्याला मणी ओवू द्यावेत, माती मळू द्यावी, भुईमुगाच्या शेंगा सोलू द्याव्यात, हे शिकावे लागते. हाक मारली तरी वळून न पाहणारे मूल हट्टी आहे की त्याला ऐकूच कमी येते, हे ओळखायला शिकावे लागते. पहिल्या आठवड्यात दाराशी रडणाऱ्या मुलाला “गप्प बस, पोलीस येईल” असे सांगायचे नसते, हेसुद्धा शिकावे लागते. कारण आपल्या सगळ्यांच्या आज्यांनी आपल्याला तेच सांगितले होते.

आपल्या सीमाभागात याला आणखी एक पदर आहे, आणि तो पुण्यामुंबईच्या पुस्तकांत सापडत नाही. इथल्या कितीतरी घरांत आई मराठी बोलते, आजी कानडी बोलते, शेजारी उर्दूत भांडतात आणि वाण्याकडे तिन्ही भाषा चालतात. अशा घरातले पोर बालवाडीत येऊन “बाई, नीरू पाहिजे” म्हणते. न शिकलेली बाई एक तर हसते, नाही तर दटावते: “पाणी म्हण!” शिकलेली बाई आधी पाणी देते. मग म्हणते, “हे घे पाणी. अज्जी नीरू म्हणते, होय ना?” या दोन वाक्यांत त्या मुलाच्या दोन्ही भाषांचा मान राहतो आणि शब्दही दोन पक्के होतात. घरी फक्त मराठी ऐकलेले मूल कानडी बोलण्याच्या खोलीत बसवले, तर ते महिनोन् महिने गप्प राहू शकते. ते ऐकत असते, साठवत असते. पण या गप्प राहण्याचा अर्थ ज्या बाईला कुणी सांगितलेला नाही, ती त्याच्या आईला सरळ सांगते, “तुमचा मुलगा जरा मंद आहे.” अशी ‘मंद’ ठरलेली किती मुले मी पुढे तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलताना पाहिली! उलटही घडते. शहापूरकडच्या कानडी घरातले मूल आपल्या मराठी बालवाडीत येते आणि तेच दुःख भोगते. त्याच्या बाजूने आपल्यातले किती जण बोलले?

हे सारे कुणी सांगितलेच नाही, असे नाही. गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्तीचे बालमंदिर काढले. ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, तिथे अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, आणि १९५७ साली दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर काम नेले. माँटेसरीबाईंची पॉलिश केलेली महागडी साधने वारल्यांच्या पाड्यावर कुठून आणणार? तेव्हा बिया, पाने, शंखशिंपले हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी म्हणतात ती ही. आज कर्नाटक सरकारच्या पाटीवर कानडी अक्षरांत हाच शब्द असतो, हे आपल्याकडच्या पाटीवाल्यांनीही ध्यानात ठेवावे आणि त्यांच्याकडच्यांनीही. पण मला त्या दोघींचे मोठेपण वेगळ्या गोष्टीत वाटते. मुलांना शिकवता शिकवता त्यांनी शिकवणाऱ्या बायका घडवल्या. बालसेविकेचे शिक्षण हे स्वतंत्र काम आहे, ते मुलांच्या शिक्षणाइतकेच जिकिरीचे आहे, हे त्यांनी जाणले होते.

त्या शिक्षणाचे पुढे काय झाले ते पाहा. साठच्या दशकातला बालसेविकांचा अभ्यासक्रम जवळजवळ वर्षभराचा होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. त्यात म्हैसूर जिल्ह्यातले टी. नरसीपूर होते. तिथल्या सेविकांचे प्रशिक्षण काही महिन्यांचे ठेवले होते. घटत घटत ते २६ कामाच्या दिवसांवर आले. २०२३ च्या मे महिन्यात ‘पोषण भी पढाई भी’ अशी घोषणा झाली आणि सेविकांसाठी प्रशिक्षण ठरले तीन दिवसांचे. वर्षाचे झाले महिने, महिन्यांचे झाले दिवस. मधल्या काळात सेविकेच्या डोक्यावरची कामे मात्र वाढत गेली: वजने, लसी, पोषण आहार, नोंदवह्या, मोबाइलवरचे फोटो, आणि निवडणूक आली की मतदारयाद्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि कमी शिकलेलीला वर्षाची पदविका सुचवली, ती बव्हंशी टीव्ही आणि स्मार्टफोनवरून. मातीत हात घालण्याचे शिक्षण पडद्यावरून! शिक्षक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांत पूर्वप्राथमिक शिक्षिकेची पदविका दोन वर्षांची आहे. म्हणजे काय लागते ते सरकारला ठाऊक आहे. ते गरिबांच्या मुलांना द्यायचे नाही, एवढेच.

आता आपल्या दुखण्याकडे येते. अंगणवाडी सेविका त्या गावचीच असावी हा नियम आहे आणि तो चांगला आहे. त्यामुळे मराठी गावात बहुधा मराठी बाईच असते, आणि ती मुलांशी मराठीतच बोलते. तेव्हा ‘अंगणवाडीत कानडी बाई आणून बसवली’ अशी जी हाकाटी आपल्याकडे ऊठसूट होते, ती अर्धवट आहे. खरी गोम पुढे आहे. त्या मराठी बाईचे प्रशिक्षण कानडीतून होते. तिची पुस्तिका कानडी, तक्ते कानडी, वह्या कानडी. वर्गात शिकलेले गाणे तिने गावात आल्यावर मुलांना समजेल असे कसे करायचे, ते तिचे तिने पाहावे. काही हुशार बायका रात्री बसून स्वतः गाणी जुळवतात. बाकीच्या खिचडी वाटतात आणि मुलांना ओळीत बसवतात. तिने कानडी शिकू नये असे मी म्हणत नाही; शिकलीच पाहिजे, इथे राहायचे आहे. पण दोन भाषांच्या मुलांना शिकवणारीचे शिक्षण दोन भाषांत हवे, एवढे साधे गणित बेंगळुरूला उमगू नये? महिला व बालविकास खाते २०२३ साली आले ते लक्ष्मी हेब्बाळकर यांच्याकडे, आणि त्यांचा मतदारसंघ बेळगाव ग्रामीण. तिथल्या मराठी गल्लीबोळांत मते मागताना बाईंचे मराठी अडत नाही. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत तेवढे ते अडते! २०२४ च्या सप्टेंबरात चिकमगळूर जिल्ह्यातल्या मुडिगेरेला सेविकांच्या भरतीत उर्दूच्या अटीवरून गदारोळ झाला. त्या साऱ्या आरडाओरड्यात तिथल्या तीन वर्षांच्या पोरांना काय समजते, हे विचारणारा आवाज माझ्या कानी आला नाही.

कायद्यातही हीच फट आहे. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय सांगितली, ती प्राथमिक पायरीवर. २००२ च्या दुरुस्तीने शिक्षणाचा हक्क दिला तो सहाव्या वर्षापासून; सहाच्या आतल्यांसाठी ४५ वे कलम राज्याने प्रयत्न करावा म्हणते, आणि २००९ च्या कायद्यात त्यांच्यासाठी सरकार ‘करू शकेल’ अशी भाषा आहे. सहा वर्षांचे होईपर्यंत मूल ना हक्काचे ना भाषेचे. आपली शाळा रिकामी होते ती याच तीन वर्षांत. पहिलीचा पट घसरला म्हणून आपण छाती बडवतो. पण ते मूल तीन वर्षे आधीच कोपऱ्यावरच्या इंग्रजी नर्सरीत गेलेले असते, आणि तिथली बाईही शिकलेली नसते. तिच्याकडे डाकेने आलेले माँटेसरीचे प्रमाणपत्र असते आणि अंगावर एक छानसा कोट. आईबाप कोट पाहतात.

आणि आपले पुढारी? येळ्ळूरच्या फलकासाठी २०१४ साली आपल्या माणसांनी लाठ्या झेलल्या. त्यांच्या पाठीवरच्या वळांचा मला आदर आहे. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांचा ठराव केला, तोही हवाच होता. पण फलक वाचता येण्याच्या आधीची तीन वर्षे कुणाची? या ८६५ गावांत बालवाडीच्या बाईला कोण शिकवणार, यावर एकाही मेळाव्यात एक ठराव मी ऐकलेला नाही. आपल्याच संस्थांच्या बालवाड्यांत बाईला जे देतात, त्याहून धुणीभांडी करणारीला जास्त मिळते. (सन्माननीय अपवाद आहेत. ते एका हाताच्या बोटांवर मोजता येतात आणि चिडणार नाहीत.) सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला; आपल्या संस्थांत त्या बाईंना नेमणुकीचे पत्र मिळाले तरी पुष्कळ.

निपाणीचे तर काय सांगावे! तिथे हा प्रश्न भाषेच्याही आधीचा आहे. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरी सुपात पाने घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांची पोरे त्या धुळीतच रांगायला शिकली. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात पाळणाघराचे कलम होते: पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी हवेशीर, स्वच्छ खोली, आणि ती खोली मुलांच्या संगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीच्या ताब्यात. शिक्षण घेतलेल्या! साठ वर्षांपूर्वी दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांना हे सुचले होते. पण घरी विड्या वळणारीला वखारच नाही, तेव्हा तिला पाळणाघरही नाही. जिथे खोली झाली तिथेही म्हातारी, काम न झेपणारी कामगारीण बसवली की झाले. निपाणीच्या या बायकांनी ऐंशीच्या सुमारास संघटना बांधली, संप केले, त्यांच्या लढ्यावर १९८२ साली युगांतर गटाने चित्रपटही काढला. मजुरीचे पैसे त्यांनी भांडून वाढवले. पाळणाघरात शिकलेली बाई मात्र त्यांना कुणी दिली नाही. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ साली बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेश सुरू केले, तेव्हा काम करणाऱ्या बायकांना आपल्याच पाळणाघरांत घडवले. ते तिथे जमले, इथे का जमू नये?

मार्ग नाहीत असे नाही. सुखदेव थोरात आयोगाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कर्नाटक सरकारला अहवाल दिला; त्यात शालेय रचनेत पूर्वप्राथमिकची दोन वर्षे धरली आहेत आणि पाचवीपर्यंत कन्नड किंवा मातृभाषा माध्यम असावे असे सुचवले आहे. ही दोन वर्षे शाळेचा भाग ठरणार असतील, तर ३५०-अ त्यांनाही लावा, अशी मागणी आपल्या वकील मंडळींनी आजच का करू नये? आणि सरकार हलेपर्यंत आपण काय करायचे? निपाणीपासून कोल्हापूर चाळीसएक किलोमीटर आहे. तिथे लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढले आणि आनंदाने शिकणे म्हणजे काय ते करून दाखवले. आपल्या किती संस्थाचालकांनी ते पायऱ्या चढून पाहिले? बेळगाव आणि निपाणीला एकेक वर्षाचा वर्ग चालवता येईल. सकाळी मुली बालवाडीत प्रत्यक्ष काम करतील, दुपारी शिकतील. मराठी आणि कानडी दोन्हींतून, आणि दोन्ही घरांतल्या मुलींना घेऊन. कानडी शिक्षिकांनाही हे शिक्षण तितकेच हवे आहे. मी बोलले तेव्हा त्यांच्यातल्या दोघी शिकवायलाही तयार झाल्या. वर्ग पुरा केलेल्या मुलीलाच नेमायचे आणि तिला प्राथमिक शिक्षिकेच्या निम्मा तरी पगार द्यायचा, एवढे चार संस्थांनी लिहून दिले, तर मुली आपोआप येतील.

हीच योजना मी काही वर्षांपूर्वी आपल्या एका संस्थेकडे घेऊन गेले होते. चहा दिला, कौतुक केले, आणि “ताई, आधी सभागृह होऊ दे, मग बघू” म्हणाले. सभागृह होऊन दोन वर्षे झाली. त्यात लग्ने लागतात. अर्ज मी पुन्हा दिला आहे. या वेळी त्याला एक कानडी प्रतही जोडली आहे.