२५ तासांचा दिवस, आणि आपलं दुकान



माझ्या प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, दिवसाचे २४ तास पुरतच नाहीत." आज २५ तासांच्या दिवसाबद्दल सांगते. गंमत नाही, खरंच असतो असा दिवस.

माझा मामेभाऊ क्रूझ जहाजावर वेटर आहे. लॉस एंजेलिसहून हवाईला जाणारं जहाज. अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर. किनारा मागे पडला की होनोलुलूपर्यंत नुसतं पॅसिफिकचं पाणी, चार-पाच दिवस. बंदर नसलेल्या अशा दिवसाला 'सी डे' म्हणतात. पश्चिमेकडे जाताना काही रात्री घड्याळ एक तास मागे करतात. म्हणजे प्रवाशाला एक तास जास्त झोप!

उशिरा उठायचं, नाश्ता करायचा, डेकवरच्या आरामखुर्चीत पुस्तक घेऊन पडायचं. दुपारी कॅप्टन माईकवरून सांगतो जहाज कुठे आहे, हवा कशी आहे. संध्याकाळी सूर्यास्त. पोचायची घाई नाही, कारण उतरायला जागाच नाही.

आता हे दुकानदाराच्या नजरेने बघा. जहाज बंदरात असताना त्यातली ड्यूटी-फ्री दुकानं आणि कॅसिनो साधारणपणे बंद ठेवावे लागतात, तिथल्या कस्टम्स आणि जुगाराच्या नियमांमुळे. समुद्रात गेलं की सगळं उघडतं. स्पा, फोटो, पुढच्या बंदरावरच्या सहलींचं बुकिंग, सगळं जोरात चालतं. प्रवासी म्हणतो, आज काहीच केलं नाही. जहाजाचा गल्ला मात्र त्याच दिवशी भरत असतो. निवांत गिऱ्हाईक जास्त वेळ बघतं, जास्त घेतं. हे ऐकल्यावर मी माझ्या लेडीज वेअरच्या दुकानात दोन स्टूल आणि पाण्याचा जार ठेवला. खर्च किरकोळ, फरक दिसतो.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे.

भाऊ म्हणतो, "ताई, पाहुण्यांचा आराम म्हणजे आमची पळापळ." बंदरात बरेच प्रवासी खाली उतरतात. सी डेला सगळेच जेवायला जहाजावर. महिनोन् महिन्यांचं काँट्रॅक्ट, त्यात आठवड्याची सुट्टी नाही. तरीही विश्रांती नियमात लिहिलेली आहे. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात किमान विश्रांतीचं प्रमाण ठरलंय: २४ तासांत १० तास आणि सात दिवसांत ७७ तास. त्याची नोंदही ठेवावी लागते. कधीच शटर न पाडणाऱ्या धंद्यालासुद्धा विश्रांतीचा हिशोब मांडावा लागतो. मग आपण का नाही मांडत?

मी नाही मांडला. पहिली तीन वर्षं दुकान एक दिवसही बंद ठेवलं नाही, आणि त्याचा अभिमान होता. तिसऱ्या दिवाळीच्या तोंडावर रात्री साडेअकराला लेगिंग्जची ऑर्डर लिहिली. ६ डझनच्या जागी ६० डझन. सकाळी वाचूनही बघितलं नाही. १५० रुपयांप्रमाणे ७२० नग, म्हणजे १ लाख ८ हजारांचा माल. व्यापाऱ्याने परत घेतला नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत खरेदीच्या भावात विकत बसले. चूक गणिताची नव्हती, थकव्याची होती.

जहाज परत येताना काय होतं माहितीये? घड्याळ एकेक तास पुढे करतात. जाताना मिळालेले तास परत जातात. मी तीन वर्षं रोज २५ तास जगत होते, ते असेच वसूल झाले.

आता मंगळवारी दुकान बंद असतं. मंगळवारचं सगळं गिऱ्हाईक बुधवारी येतं असं खोटं सांगणार नाही. काही समोरच्या दुकानात जातात. पण त्या दिवसापासून ऑर्डरमध्ये तशी चूक झालेली नाही.

तुम्ही म्हणाल, "मॅडम, आमचा हप्ता चालू आहे, बंद परवडत नाही." बरोबर आहे. मग पूर्ण दिवस नको, अर्धा घ्या. मागच्या तीन महिन्यांचं बिलबुक काढा, सगळ्यात कमी विक्रीचा वार शोधा आणि त्या दुपारी शटर पाडा. गिऱ्हाइकाला आठवडाभर आधी सांगा. दारावर पाटी लावा.

आणि एक. तुमच्याकडे काउंटरवर मुलगी असेल, तर सुट्टी तिलाही द्या, पगार न कापता. मालक आरामखुर्चीत आणि ती २५ तास पळतेय, असं चालणार नाही. उद्या ६ च्या जागी ६० तिच्या हातून लिहिलं जाईल, आणि पैसे तुमचेच जातील.

या आठवड्याचा गृहपाठ एवढाच: तुमचा वार ठरवा आणि आजच पाटी लिहा.