आधी दार, मग कान, शेवटी डोळा

आमच्या मंडळाच्या मागील बैठकीत चहाचे कप रिकामे होता होता एक विषय निघाला आणि बैठक संपून अर्धा तास लोटला तरी तो काही मिटेना. महादेवपुऱ्यात, बाह्य वर्तुळमार्गापासून हाकेच्या अंतरावर, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आपल्यातीलच एक सांगलीकडचा तरुण लहानसा नाइटक्लब काढीत आहे. खोली तीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच. तीत एक भिंतभर पडदा बसवून त्यावर गाण्यांचे व्हिडिओ दाखवावयाचे आणि त्या तालावर तरुण मंडळींनी नाचावयाचे, असा बेत. बातमी ऐकताच मंडळाचे एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, “मराठी माणसाने परमुलखात काढावी तर खानावळ काढावी. हे असले धंदे आपले नव्हेत.” त्यावर चार माना डोलल्या. दुसऱ्या बाजूला बसलेले तरुण हसले. म्हणाले, “आप्पा, जग कुठे चालले आहे!” आणि वाद तेथेच अडकून पडला.

आमचे म्हणणे असे की दोन्ही पक्ष चुकत आहेत. एकाला त्या खोलीत केवळ पाप दिसते, दुसऱ्याला केवळ प्रगती दिसते. आणि खोली मात्र कोणालाच दिसत नाही.

पापवाद्यांचा समाचार आधी घेऊ, कारण तो थोडक्यात आटोपण्याजोगा आहे. आपल्या समाजाने करमणुकीच्या प्रत्येक नव्या साधनाचे स्वागत नाक मुरडूनच केले आहे. नाटकात जाणारा मुलगा घरातून गेला असे समजण्याचा काळ होऊन गेला. त्याच संगीत नाटकाचा आज आपण अभिमान मिरवितो. तमाशावर मुंबई सरकारने बंदी घातली आणि पुढे ती उठविली. आज त्याच तमाशाला लोककला म्हणून पारितोषिके मिळतात. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर महाराष्ट्राने २००५ साली नृत्य-बारांवर घातलेली बंदी घ्या. ती उच्च न्यायालयात टिकली नाही आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयातही टिकली नाही. मधल्या काळात हजारो बायकांचा रोजगार मात्र गेला. नीतीच्या नावाने उगारलेली काठी बहुधा दुबळ्याच्याच पाठीत बसते, हा या साऱ्या इतिहासाचा धडा आहे. आठवडाभर संगणकापुढे मान मोडून काम करणाऱ्या मुलामुलींनी शनिवारी रात्री दोन घटका नाचून घेतले तर महाराष्ट्रधर्म बुडतो असे आम्हांस वाटत नाही.

आता प्रगतिवादी. त्यांचा पहिला दावा असा की गाण्याबरोबर चित्र दाखविणे हे नव्या युगाचे लेणे आहे. वस्तुतः हे लेणे बरेच जुने आहे. अमेरिकेत १९४० च्या सुमारास उपाहारगृहांतून ‘पॅनोरॅम’ नावाची कपाटे ठेविलेली असत. नाणे टाकले की तीन मिनिटांचा गाण्याचा चित्रपट दिसे. फ्रान्समध्ये १९६० साली ‘स्कोपिटोन’ नावाचे तसेच यंत्र निघाले. दोन्ही मागे पडली. १ ऑगस्ट १९८१ रोजी ‘एमटीव्ही’ सुरू झाले तेव्हा हीच कल्पना दूरचित्रवाणीच्या रूपाने घरात शिरली. उलट, १९५५ च्या एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले तेव्हा गदिमांचे शब्द आणि बाबूजींचा सूर एवढ्यावरच वर्षभर घरोघर माणसे रेडिओपुढे हात जोडून बसली. तेथे पडदा नव्हता, चित्र नव्हते. नाइटक्लबात गीतरामायण लावावे असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. एवढेच म्हणतो की माणसाला गाण्याने धरून ठेवण्यास चित्राची अट पूर्वी कधी नव्हती, आजही नाही.

तथापि पडद्याचे आम्ही वैरी नव्हे. आमचा आक्षेप क्रमाला आहे. कंत्राटदाराने जो खर्चाचा तक्ता दिला तो त्या तरुणाने आम्हांस दाखविला. कचेरीत टिपणे आणि तक्ते वाचण्यातच आमची वर्षे गेली असल्याने कोणती बाब वर आहे आणि कोणती खाली, इकडे आमचे लक्ष आधी जाते. सर्वांत वर पडदा, त्याच्या खाली रंगीत दिवे, त्याच्या खाली ध्वनिवर्धक, आणि अगदी तळाला, जवळजवळ क्षमा मागितल्यासारखी, ‘इतर’ नावाची एक ओळ. अग्निशमनाची साधने त्या ‘इतर’मध्ये होती.

प्रथम कानाचा विचार करू. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठराविक स्वर अडकून घुमतात. कोणते, ते त्या भिंतींमधील अंतरावर ठरते. दहा फूट उंचीत सुमारे ५६ कंपनांचा खर्ज घुमतो. वीस फूट रुंदीत २८ चा घुमतो आणि त्याची दुप्पट पुन्हा ५६. तीस फूट लांबीत सुमारे १९ चा घुमतो आणि त्याची तिप्पट पुन्हा तीच ५६. म्हणजे दहा, वीस, तीस अशा सरळ मापांच्या त्या खोलीत तिन्ही दिशांनी एकच स्वर फुगणार. आणि नाचाच्या संगीतातला ढोल नेमका त्याच परिसरात वाजतो. एका कोपऱ्यात तो छातीवर आदळेल, दोन पावले पलीकडे तो नाहीसा होईल. अशा खोलीत कठीण, गुळगुळीत पृष्ठभागाचा भिंतभर पडदा बसविणे म्हणजे आवाज आणखी परतवून लावणारी भिंत विकत घेणे होय. मग ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावयाचा, वाढविला म्हणून बोलता येत नाही, बोलता येत नाही म्हणून ओरडावयाचे! जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा जागांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचविली आहे आणि कानांना विसावा देणारा शांत कोपराही असावा असे सांगितले आहे. या तक्त्यात शांत कोपऱ्याला जागा नव्हती. तेथे पडद्याचे यंत्र ठेवावयाचे होते.

आता डोळा. प्रक्षेपक लावावा तर दहा फुटी छताखाली नाचणाऱ्यांची डोकी प्रकाशाच्या वाटेत येतात आणि नायिकेच्या गालावर कोणाच्या तरी हाताची सावली नाचते. बारीक दिव्यांची भिंत उभारावी तर दिव्यांमधील अंतर जितके मिलिमीटर, साधारण तितके मीटर मागे उभे राहिल्याशिवाय चित्र जुळून दिसत नाही, असा या व्यवसायातला ढोबळ नियम आहे. अडीच मिलिमीटरच्या भिंतीपुढे अडीच मीटरच्या आत जो उभा आहे त्याला चित्र नव्हे, ठिपके दिसतात. आणि लहान खोलीत निम्मी माणसे तेथेच उभी असतात. शिवाय यंत्रातून फिरून येताना चित्राला किंचित उशीर होतो. आवाज ओठांच्या पुढे धावू लागला की तो सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा पुढे असला तरी डोळ्याला खुपतो. म्हणून आवाज मुद्दाम तेवढाच थांबवून सोडावा लागतो. हे जुळविणारा माणूस नेमावा लागतो आणि त्याला पगार द्यावा लागतो. पडदा एकदाच विकत घेता येतो, माणूस दर महिन्याला पोसावा लागतो, म्हणून तक्त्यात पडदा असतो आणि माणूस नसतो.

व्हिडिओ कोठून आणणार, असे आम्ही विचारले तेव्हा कंत्राटदार हसून म्हणाला, “इंटरनेटवर सगळे फुकटच आहे की!” घरी बसून पाहण्यास फुकट असलेली वस्तू दाराशी पैसे घेऊन चारचौघांत दाखविण्यास फुकट होत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर गाण्याचा जो वापर होईल त्याच्या मानधनावरचा गीतकाराचा व संगीतकाराचा हक्क त्यांच्यापासून कोणी लिहून घेऊ शकणार नाही, अशी तरतूद तीत झाली. जावेद अख्तरांसारख्या माणसाने त्यासाठी संसदेत आवाज उठविला. कवीच्या नावाने गळा काढणाऱ्या आम्हां साहित्यप्रेमी मंडळींनी तरी कवीचा हा हक्क फुकटात घालवू नये. परवान्याचेही तसेच. बेंगळुरूतील सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी काढलेला २००५ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये उचलून धरला आहे. आणि रात्री दहानंतर निवासी वस्तीत ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे; खाजगी जागेच्या सीमेवर तिच्यापेक्षा पाचाहून अधिक वाढ कायद्याला मान्य नाही. महादेवपुऱ्यात कचेऱ्यांच्या काचेच्या इमारतींच्या पाठीशी अजून जुनी वस्ती आहे. तेथेही पहाटे उठून कामाला जाणारी माणसे राहतात. त्यांची झोप ही कोणाच्या करमणुकीची किंमत होऊ शकत नाही.

सर्वांत शेवटी आम्ही तो मुद्दा ठेविला आहे जो वस्तुतः सर्वांत आधी यावयास हवा. घुमणारा आवाज शोषण्यासाठी भिंतींना फेस लावू, असे तक्त्यात होते. कोणता फेस, ते नव्हते. २००३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ऱ्होड आयलंड येथील ‘द स्टेशन’ नाइटक्लबमध्ये शोभेच्या दारूची ठिणगी अशाच ध्वनिशोषक फेसावर पडली आणि १०० माणसे मेली. २०१३ च्या जानेवारीत ब्राझीलमधील सांता मारिया येथे ‘किस’ क्लबात तेच घडले, २४२ बळी. परदेशाची उदाहरणे नकोत म्हणाल तर २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिल्समध्ये १४ माणसे गेली, आणि ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफडे येथील नाइटक्लबात २५ गेली. त्यांत नाचावयास आलेल्यांपेक्षा तेथे राबणाऱ्या नोकरांची संख्या मोठी होती. पोटासाठी दूरदूरहून आलेली ती माणसे. पापवाद्यांनी याचा विचार करावा: त्या खोलीत सर्वच जण चैनीसाठी येत नाहीत. कोणी पेले धुण्यासाठी येतो.

आता त्या तरुणाच्या खोलीकडे वळू. तिला दोन दारे आहेत. एक पुढचे, जिन्याकडे उघडणारे. दुसरे मागच्या भिंतीत, लोखंडी जिन्यावर निघणारे. पडदा नेमका त्या मागच्या भिंतीवर यावयाचा होता. “मग दाराचे काय?” असे आम्ही विचारले. उत्तर मिळाले, “ते दार वापरतो कोण?”

वाचकहो, आमचा सारा वाद या एका प्रश्नाशी आहे. ते दार कोणीच वापरीत नाही, आणि एका रात्री सर्वांना तेच वापरावे लागते. ते रोज रिकामे दिसते म्हणून त्याच्यावर चित्र लटकविण्याचा मोह होतो. पापवादी म्हणतो, खोलीच बंद करा. प्रगतिवादी म्हणतो, दार बंद करा. खोली उघडी असावी आणि दोन्ही दारेही उघडी असावीत, हे म्हणणारे कोणीच का नाही?

म्हणून आमचा क्रम असा: आधी दार, मग कान, शेवटी डोळा. दाराच्या वाटेत खुर्चीसुद्धा नको. भिंतींना जे लावाल ते न पेटणारे असल्याचा लेखी दाखला घ्या. आवाज अशा बेताने बसवा की खोलीच्या मध्यावर ताल कळावा आणि कोपऱ्यात माणसाला माणसाशी बोलता यावे. दिव्यांची उघडझाप सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा नको, कारण काहींना त्याने फेफरे येते. एवढे झाल्यावर जे पैसे उरतील त्यांत लांबीच्या भिंतींवर, डोक्यांच्या वर, दोन बेताचे पडदे लावा. त्यांवर खुशाल व्हिडिओ दाखवा.

त्या तरुणाने हे सारे शांतपणे ऐकून घेतले. त्याने कर्ज काढले आहे आणि भिंतभर पडद्याविना गिऱ्हाईक येणार नाही अशी भीती त्याला घातली गेली आहे. ती भीती खोटी आहे असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. धंदा त्याचा आहे, आमचा नव्हे. तो एवढेच म्हणाला, “दादा, हे मला लिहून द्या. भागीदारांना दाखवितो.” ते लिहून दिले, ते हे.

मंडळाच्या वडीलधाऱ्यांना आमची एक विनंती आहे. उद्घाटनाचे आमंत्रण आले तर नाक मुरडून घरी बसू नये. जावे, पडद्याकडे पाठ करावी आणि मागचे दार एकदा स्वतःच्या हाताने उघडून पाहावे.